उन्हाचं वाळवण

गोदामात पाऊल टाकलं आणि कौसल्येला घाम फुटला. ती उंबऱ्यातच थबकली.

बाहेर मार्गशीर्षातली सकाळ होती. कुंडीमाळावरचं गवत दव गोठून पांढरं पडलं होतं, म्हशींच्या नाकपुड्यांतून वाफा निघत होत्या. मेळघाटातल्या या पठारावर हिवाळ्यात पारा तीन-चारवर उतरतो. आणि गोदामात मात्र वैशाख! वस्तीतली सात-आठ म्हातारी माणसं घोंगड्या काढून भिंतीला टेकून बसली होती. मधोमध कौसल्येची सासू अन्सूयाबाई, पाय पसरून, चेहरा कसा टवटवीत.

"ये वो कौसल्या, बस. देवानं किरपा केली पाहाय. तीन दिवस झाले, गुडघा ठनकला नाई."

कौसल्या बसली नाही. तिनं खाली पाहिलं. जमीन शेणानं ताजी सारवलेली, अजून ओली. उंबऱ्यापासून आतपर्यंत पाण्याचा सडा. आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत रचलेले सहाशे डबे, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यांएवढे. प्रत्येकाला हळदकुंकवाची बोटं. एकावरही झाकण नाही.

तिनं जवळच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. आतले दाणे कोमट होते. दुसऱ्यातले कोमट. तिसऱ्यातले तर गारच.

"झाकनं कोनं काढली?"

"प्रकल्पाच्या साहेबानं सांगतलं," अन्सूयाबाई म्हणाली. "लोकार्पन हाये, फोटोत माल दिसला पायजे म्हने. रविवारी येतो म्हनला, मंग सोमवारी, मंग आज. आता मांडलेली पूजा कोन झाकून ठेवते? अन् सरकारी मानूस येनार तं सारवन-सडा नको? रोज केला. पोरीबाळींचे हात भेगाळले."

"मामीजी, उठा. सगळे उठा. हे जे तुम्ही शेकून रायले ना, तो आपला अख्खा हिवाळा होता."

कोणी उठलं नाही. इतकी ऊब सोडून कोण उठतं?

डब्यांत काय होतं, ते सांगायला हवं. मीठ होतं. जेवणातलं नाही, मॅगसल्फ, मॅग्नेशियमचं सल्फेट. म्हशीचं पोट साफ होत नसलं की गवळी तिला पाण्यातून पाजतात, तेच. एका संशोधन संस्थेनं ते भाजलेल्या मातीच्या हरभऱ्याएवढ्या सच्छिद्र दाण्यांत जिरवलं होतं. या मिठाचा स्वभाव असा, की त्याच्या कणाकणात पाणी घर करून बसतं. ते पाणी हुसकायला उष्णता खर्च करावी लागते, दीडशे अंशांपर्यंत तापवावं लागतं. एकदा मीठ कोरडं झालं आणि झाकण घट्ट लागलं, की खर्च केलेली उष्णता आत अडकते. थर्मासमधला चहा उद्यापर्यंत निवतो. हे मीठ वर्षभर निवत नाही, कारण ते गरमच नसतं. हात लावला तर गार लागतं. पण त्याला दमट हवा दाखवा. मीठ अधाशासारखं पाणी ओढून घेतं आणि उन्हाळ्यात घेतलेली उष्णता परत करतं. डब्याच्या तळाला बॅटरीवर चालणारा एक बारीक पंखा आणि त्याच्यापुढं ओलं गोणपाट, एवढ्यावर एक डबा एक खोली एक रात्र ऊबदार ठेवतो. ना जाळ, ना धूर.

चैत्र-वैशाखात संस्थेनं माळावर मोठे आरसे आणून लावले. वस्तीतल्या बायकांनी पापड, कुरडया वाळवल्या तसं हे मीठही वाळवलं, परातीमागून परात. बायका त्याला उन्हाचं वाळवण म्हणायच्या. मग आरसे ट्रकवर चढून दुसऱ्या राज्यात गेले आणि बावीस घरांच्या हिवाळ्यातला कडाक्याचा महिना झाकणाखाली गोदामात राहिला. तो दमट हवा लागली तरच सुटणार होता. म्हणून यांनी काय केलं? झाकणं उघडली, जमीन ओली केली, दार लोटून घेतलं आणि तीन दिवस साहेबाची वाट पाहिली.

हे मीठ वस्तीनं हौसेनं निवडलं नव्हतं. निवडायला होतंच काय! पाइपचा गॅस परतवाड्यापर्यंत आला आणि घाटाच्या पायथ्याशी थांबला. पाइपाला घाट चढवत नाही म्हणे. रिसॉर्टवाल्यांना चढवतो, मोबाइलच्या टॉवरला चढवतो, पाइपाचेच तेवढे गुडघे दुखतात. सिलिंडर येतो तो दोन महिन्यांनी, त्यावर भाकरी भाजावी की खोली तापवावी? शेणाला तोटा नाही, पण गोबरगॅसचे जंतू थंडीत सुस्तावतात; गरज सर्वांत जास्त तेव्हा गॅस सर्वांत कमी. वीज आली तर येते, आणि हीटर लावला की सगळ्या वस्तीचा अंधार करून जाते. जंगल वाघाचं. गार्ड फक्त रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं तोडू देतो, कारण तिनं जंगल खाल्लं, आणि तीही फक्त खव्याच्या भट्ट्यांना, पासावर. राहता राहिली कोळशाची शेगडी.

शेगडीचं नाव कौसल्या काढू देत नसे.

अकरा वर्षांपूर्वी तिची धाकटी जाऊ विमल बाळंत झाली होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या, आणि बाजेखाली शेकशेगडी. शेगडी कौसल्येनं भरली होती, काठोकाठ. सकाळी दार उघडलं तर माय-लेक झोपल्यासारखे, गालांवर लाली. लोक म्हणाले, बाहेरची बाधा. पुढं आरोग्यसेविकेच्या एका पुस्तिकेत कौसल्येनं वाचलं, की बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरून श्वासाची जागा बळकावतो, आणि मेलेल्या माणसाचे गाल लाल दिसतात. ते पान तिनं फाडून ट्रंकेत ठेवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. विमलचा नवरा पुंजाजी, कौसल्येचा सख्खा दीर, तेव्हापासून तिच्या अंगणात आला नव्हता. दोन्ही घरांत चाळीस पावलांचं अंतर.

आणि आता तिची लेक पदी, पद्मिनी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. शनिवारी महिनाभर आधीच कळा आल्या, म्हणून कौसल्या तिला घेऊन खालच्या रुग्णालयात गेली ती तीन दिवस तिथंच होती. मुलगी झाली. वजन एक किलो नऊशे. डॉक्टरीण म्हणाली, "येत्या शनिवारी सोडते. बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवायचं. खोली पंचवीसच्या खाली जाता कामा नये, आणि धुराचा एक कणसुद्धा नको. जमेल का तुमच्या वस्तीत?"

"जमेल," कौसल्या ठसक्यात म्हणाली होती. "आमच्यापाशी उन्हाचे डबे हाये."

ती आज, मंगळवारी, खोली तयार करायला वर आली होती.

गोदामाच्या पायरीवर बसून तिनं संस्थेच्या इंजिनिअर स्नेहल उईकेला फोन लावला. स्नेहल मूळची धारणीकडची, बायकांबरोबर उन्हात उभं राहून तिनं परात न् परात हलवली होती. सगळ्याच डब्यांची झाकणं काढली का, ते तिनं आधी विचारून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मीठ वाया गेलेलं नाही. पाणी पिऊन बसलंय एवढंच. पण ते पाणी आता काढायचं कशानं? आरसे एप्रिलशिवाय येत नाहीत."

"पदी एप्रिलात नाई येत, शनिवारी येते."

"कळतंय हो ताई. पण दीडशे अंश लागतात. हिवाळ्यातल्या उन्हात परात ठेवून चाळीस होतील. तुम्ही रुग्णालयालाच सांगा ना, आणखी आठ दिवस ठेवून घ्या म्हणून."

"तिथं एका खाटेवर दोघीजणी झोपून रायल्या."

बोलता बोलता कौसल्येची नजर समोर गेली. पुंजाजीची खव्याची भट्टी पेटली होती. पत्र्याच्या धुराड्यातून धूर सरळ आभाळात चालला होता, आणि धुराड्याच्या तोंडाशी हवा थरथरत होती, वैशाखात माळावर थरथरते तशी. ती अकरा वर्षं रोज हा धूर पाहत होती. म्हणजे पाहत नव्हती, मान फिरवत होती.

"स्नेहल, दीडशे म्हनली ना तू?"

"हो. का?"

"त्याच्या दुप्पट तं आमचे लोक रोज आभाळात सोडून देतात!" तिनं फोन कमरेला खोचला आणि एक डबा डोक्यावर घेतला.

पुंजाजी कढईपाशी उभा होता. बाह्या वर, हातात लांब दांड्याचं खुरपं, चाळीस लिटर दूध अर्ध्यावर आलेलं. वहिनीला भट्टीत शिरताना पाहून त्याचा हात थांबला नाही. खवा करणाऱ्याचा हात थांबला तर दूध तळाला लागतं.

"वाट चुकल्या का?" तो कढईकडं पाहत म्हणाला.

"नाई. काम हाये."

"कोळसा पायजे असन तं या भट्टीतून मिळनार नाई. अकरा वर्सं झाले, मी निखाऱ्यावर पानी टाकतो. वस्तीले माहीत हाये."

"कोळसा नको भाऊजी. पदीची पोरगी एकोणीसशे ग्रामची हाये. मले तुमच्या धुराड्यापाशी जागा पायजे."

खुरपं दोन फेरे फिरलं. तिसऱ्या फेऱ्याला त्यानं विचारलं, "काय करता धुराड्याचं?"

तिनं सांगितलं. मीठ, पाणी, दीडशे अंश, सगळं. तो ऐकत होता की नव्हता कोणास ठाऊक. शेवटी म्हणाला, "म्हंजे आटवाचंच हाये ना? दुधातलं पानी काढलं का खवा, मिठातलं पानी काढलं का ऊन. मंग हे सांगाले इंजिनिअर कायले लागते?"

कौसल्येनं डोक्यावरचा डबा खाली ठेवला. बरोबर बोलला होता माणूस! दोन वर्षं तज्ज्ञ येत होते, आलेख दाखवत होते. आटवणं हा शब्द एकाच्याही तोंडून आला नव्हता, आणि ज्यांचं सगळं आयुष्य आटवण्यात गेलं त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

भट्टीमागं एक मोडकं लोखंडी कपाट पडलं होतं. पुंजाजीनं छिन्नीनं त्याच्या तळाला आणि माथ्याला भोकं पाडली, धुराडं मधून घेतलं, फळ्यांवर खव्याच्या पराती मांडल्या. कौसल्येनं डबा ओतला. जाळ वाढवला. तासाभरात परातीतून वाफ निघायला लागली, तशी ती टाळ्या पिटायचीच बाकी राहिली. मग आत डोकावली आणि तिचा चेहरा पडला. मिठाला घाम सुटला होता. दाण्यांतून रस पाझरून परातीत साचला होता आणि वर पापुद्रा धरत होता. ढेप झाली होती नुसती.

फोनवर स्नेहल हळहळली. "स्वतःच्याच पाण्यात विरघळलं ताई. आरशांच्या वेळी ऊन हळूहळू चढायचं, म्हणून हे झालं नाही."

पुंजाजी हसला. "पयल्या उकळीले घाई केली तं दूध बी फुटते. आधी मंद, मंग जाळ. हे माह्या आज्याले ठाऊक होतं."

ढेप परत गोदामात गेली, आणि दुसऱ्या डब्याची खेप त्यानं स्वतःच्या हातानं लावली. ओलं मीठ वरच्या फळीवर, धुराड्यापासून लांब, नुसतं कोमटात. अर्ध्या तासानं एक फळी खाली. आणखी अर्ध्या तासानं आणखी खाली. शेवटी धुराड्याला खेटून कडक तावात. सगळा वेळ खुरप्यानं खालचं वर, वरचं खाली. मध्येच मान वाकडी करून कान लावायचा.

"काय ऐकता?"

"ओला दाना गप राहते. वाळला का वाजते."

दुपार कलायला आली तेव्हा परात खडखडायला लागली, भाजलेल्या फुटाण्यांसारखी. त्यांनी मीठ खव्याच्या काट्यावर चढवलं. ओतण्याआधी काट्यावर एकोणीस किलो होतं. आता पंधरा. चार किलो पाणी गेलं होतं!

"खरंच झालं का पाहू," म्हणून कौसल्येनं निवलेले दोन मुठी दाणे वाटीत घेतले आणि वर चमचाभर पाणी सोडलं. फुस्स करून वाफ आली. वाटी तिच्या हातातून सुटली. बोटं तोंडात घालून ती ओरडली, नाचली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाजलं भाऊजी! चांगलं भाजलं!"

"मले दाखवा," म्हणत पुंजाजीनं दुसरी वाटी भरली आणि मुद्दाम स्वतःचं बोट भाजून घेतलं.

फोनच्या पडद्यावर स्नेहल खुर्चीवरून उभी राहिली होती. "ताई, थांबा, थांबा. भट्टी रोज पेटते ना? मग सहाशे डबे साठवायची गरजच काय? एका खोलीला चार डबे पुरे! दिवसा आटवायचे, रात्री वापरायचे. आणि वस्तीत भट्ट्या किती?"

"पाच," पुंजाजी म्हणाला.

पडद्यावरची पोरगी मटकन खाली बसली. "आम्ही आरसे मागत फिरत होतो," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारपर्यंत पाच डबे खडखडीत झाले. आणि गुरुवारीच प्रकल्पाचा साहेब आला. जीप, फोटोग्राफर, नारळ. डबे मोजले. "सहाशेतले पाच कमी दिसतात."

"सहाशेच्या सहाशे कमी हाये साहेब," कौसल्या म्हणाली. "तुमची वाट पाहून पाहून सगळे रिते झाले."

"असं कसं? अहवालात सहाशे भरलेले गेलेत वर."

कौसल्येनं तांब्याभर पाणी घेतलं आणि त्याच्यासमोर एका डब्यात उपडं केलं. "मीठ कोरडं असतं तं आतापर्यंत उकळलं असतं. घाला हात."

साहेबानं हात मागं घेतला, खिशात घातला. पुढं नरमाईनं बोलला, आणि असली नरमाई शिवीपेक्षा वाईट. "ताई, उन्हाळ्यात पुन्हा भरूच की आपण. तोवर झाकणं लावून ठेवू. तपासणीला येतील ते डबे मोजतील, हात घालणार नाहीत. तुम्ही मात्र शासकीय मालमत्तेशी खेळ करू नका. घरगुती भट्टीत वाळवलेलं मीठ, काही झालं तर जबाबदार कोण?"

"थंडीनं झालं तं जबाबदार कोन असते साहेब?"

साहेबाकडं याला उत्तर म्हणून कुलूप होतं. त्यानं झाकणं लावून घेतली, गोदामाला कुलूप ठोकलं, वर लाखेचा शिक्का. मग उरलेले पाच डबे शोधत भट्टीकडं गेला. पुंजाजीनं डब्यांवर खव्याच्या पराती पालथ्या घातल्या होत्या.

"यात काय आहे?"

"खवा साहेब. चाखता का? तोंड भाजन मातर."

साहेब जीपमध्ये बसला. नारळ तसाच परत गेला.

शनिवारी दुपारी पदी आली. तीन स्वेटर, दोन शाली आणि छातीशी एक मूठभर जीव. माळावर वारा सुटला होता, आणि आभाळ असं भरून आलेलं की ऊन कालपासून दिसलं नव्हतं. कौसल्येनं बाळंतिणीच्या खोलीत दोन डबे एकदम लावले. भिंतीवरचं तापमापक सोळा दाखवत होतं. तिनं खिडकी बोटभर उघडी ठेवली, आणि तिथंच ठिणगी पडली.

"खिडकी उघडी!" अन्सूयाबाई दारात उभी होती. तिच्या हातात शेगडी, लाल निखाऱ्यांनी भरलेली. कोळसा तिनं शेजारच्या वस्तीतून आणवला होता. "एवढुसा जीव, अन् त्याले डब्यातल्या जुलाबाच्या औषधानं शेकतं? सहा लेकरं वाढवली मी या शेगडीवर. सरक."

"मामीजी, ही आत येनार नाई."

"माय," पदी बाजेवरून हळूच म्हणाली, "तिचे पाय गार लागून रायले."

कौसल्येनं तापमापकाकडं पाहिलं. अठरा. पंखे गुणगुणत होते, ओल्या गोणपाटाचा वास येत होता, आणि काटा हलायचं नाव घेत नव्हता. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं की शेगडी आत घ्यावी. थोडाच वेळ. खिडकी तर उघडीच आहे. असंच वाटलं होतं तेव्हाही, थोडेच निखारे जास्त, काय होतंय.

"अठरा म्हंजे काय असते?" अन्सूयाबाईचा आवाज चढला. "पनतीचं मरन पाहाचं हाये का मले? आधीच एक सून बाधेनं गेली या घरातून!"

"बाधा नव्हती ती!" कौसल्या इतक्या जोरात ओरडली की बाळ दचकलं. मग आवाज खाली आला, पण थांबला नाही. "विमलले बाधा नाई झाली. बंद खोलीतल्या कोळशानं मारलं तिले अन् पोराले. शेगडी मी भरली होती. काठोकाठ भरली होती, कमी पडू नये म्हनून. अकरा वर्सं मले माहीत हाये, अन् मी तोंड उघडलं नाई."

ती दारात आडवी उभी राहिली.

"कोळसा माह्या भट्टीचा होता."

पुंजाजी ओट्यावर उभा होता, खांद्यावर तिसरा डबा. कधीपासून उभा होता देव जाणे. "फटीत चिंध्या बी मीच कोंबल्या होत्या. मले वाटे, तुम्ही मले दोष देता म्हनून बोलत नाई."

"मले वाटे तुम्ही देता."

अन्सूयाबाईनं एकदा थोरल्या सुनेकडं, एकदा धाकट्या लेकाकडं पाहिलं. शेगडीच्या कानांचे चटके तिला फडक्यातून बसत असतील, तरी ती तशीच उभी होती.

पुंजाजीनं डबा उंबऱ्यावर ठेवला, आईच्या हातातून शेगडी घेतली आणि ओट्याच्या टोकाला जाऊन तिच्यावर बादली ओतली. राखेचा लोट उठला. मग तो परत आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला. "हा डबा बी लावा. सकाळचा हाये. शेवटच्या तावातला, चांगला वाजत होता."

तिसरा पंखा सुरू झाला. कौसल्या तापमापकापुढं उभीच राहिली. एकोणीस. वीस. मातीच्या भिंती आधी स्वतःची तहान भागवतात, मग खोलीला देतात. बावीस. पदीनं एक शाल काढली. तेवीस. तिनं दुसरी काढली आणि बाळाला उघड्या छातीवर घेतलं. सगळे एका काट्याकडं असे पाहत होते, जसं काही त्यावरच पुढची पिढी बसली आहे. खरं म्हणजे बसलीच होती. पंचवीस!

"सव्वीस होते, सव्वीस होते," पदी बाजेवरून हसायलाच लागली. "माय, मले घाम येऊन रायला!"

अन्सूयाबाई पुढं सरकली. तिनं दुपट्यात हात घातला आणि बाळाचे तळवे चाचपले. एक, मग दुसरा. परत पहिला. मग नाक ओढत म्हणाली, "धूर नाई तं डोळ्यातून पानी काहून येते मंग?" आणि पदरानं डोळे पुसून दाराकडं वळली. "तू काय तिथं खांबासारखा उभा रायला? पाय धू अन् आत ये. नात पाहाची नाई का?"

पुंजाजी पाय धुऊन आत आला. बाळाकडं त्यानं ओझरतंच पाहिलं. जास्त पाहायचं धैर्य नसावं. वाकून डब्याला तळहात लावला, मग कान लावला.

"अजून जोर हाये याच्यात," तो म्हणाला. खोकला. "ते खालच्या घरातले शनवारे बी विचारत होते. त्यायची म्हातारी थंडीनं आखडली. अन् तिकडच्या पाड्यावर एक बाई दिवस भरून बसली हाये. बाकी चारही भट्टीवाल्यायशी मी बोललो, ते कपाटं लावाले तयार हाये." आणि हलकेच विचारलं, "उद्या किती डबे आटवू, वहिनी?"

"सगळे."

"पन गोदामाले तं कुलूप हाये. लाखेचा शिक्का हाये वर."

बाळंतिणीचा ओवा कुटायला कोपऱ्यात लोखंडी खल ठेवला होता. कौसल्येनं त्यातला बत्ता उचलला, हातात तोलून पाहिला, आणि पदर खोचून बाहेर निघाली.